रुसवा आणि समजूत : लहान मुलांच्या मनःस्वास्थ्यात घराचा वाटा

कुटुंबभेटीस गेलेल्या धर्मगुरूला किंवा धर्मशिक्षकाला लहान मुलांविषयी ज्या तक्रारी ऐकाव्या लागतात, त्या बहुधा ठरावीक असतात. मूल जेवत नाही, हट्ट करते, सांगितलेले ऐकत नाही, धाकट्या भावंडाला मारते, रात्री दचकून उठते. आपण त्याला दोन शब्द सांगावेत, डोक्यावर हात ठेवावा आणि मूल सुधारावे, अशी आईबापांची अपेक्षा असते. या अपेक्षेत श्रद्धा आहे, तशी एक गैरसमजूतही आहे. पाच-सहा वर्षांच्या आतील मुलाच्या मनाची घडी उपदेशाने बसत नाही. ती घरातील रोजच्या वागणुकीने बसते. म्हणून या तक्रारींचे उत्तर वस्तुतः मोठ्या माणसांना द्यावयाचे असते, आणि ते देता येईल इतपत माहिती आपल्यापाशी असली पाहिजे. तिची रूपरेषा मांडावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

मनःस्वास्थ्य म्हणजे काय?

प्रथम एक भ्रम दूर केला पाहिजे. मनाने निरोगी मूल म्हणजे सदैव हसरे, शांत व आज्ञाधारक मूल, असा अर्थ आपल्याकडे सर्रास घेतला जातो. तो खरा नाही. निरोगी मूल रडते, रागावते, घाबरते, हेवा करते. त्याच्या स्वास्थ्याच्या खुणा वेगळ्या आहेत. एक, भावनेचा जोर कितीही मोठा असला, तरी कोणाच्या तरी मदतीने तो काही वेळाने ओसरतो. दोन, मूल खेळते. नव्या वस्तूला हात लावून पाहते, नव्या माणसाकडे थोडे बिचकत का होईना, पण पाहते. तीन, आणि ही खूण आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते: दुखले-खुपले, भीती वाटली, की ते कोणातरी विवक्षित माणसाकडे धाव घेते आणि त्याच्याजवळ गेल्यावर त्याला खरोखर धीर येतो.

या तिसऱ्या खुणेतच सगळे मर्म आहे. ज्या घरात कधी आवाज चढत नाही, असे घर पृथ्वीवर सापडणे कठीण. मुलाच्या मनाला बळ येते ते तुटलेला धागा पुनःपुन्हा जोडला जाण्याने. आई रागावते आणि परत जवळ घेते. बाप कामावर जातो आणि सांगितल्या वेळी परत येतो. मूल रुसते आणि कोणीतरी त्याची समजूत काढते. अशा शेकडो लहान प्रसंगांतून मुलाच्या मनात एक भरवसा मुरतो: काहीही झाले, तरी माझी माणसे माझ्याकडे परत येतात. पुढील आयुष्यातील धैर्य बहुतांशी याच भरवशाच्या भांडवलावर उभे राहते.

अभ्यासकांनी काय पाहिले?

हे केवळ आमचे मत नव्हे. गेल्या शतकाच्या मध्यापासून बालमनाच्या अभ्यासकांनी जे पाहिले, ते आपल्यासारख्यांनी ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर घरापासून तुटलेल्या मुलांचा प्रश्न युरोपात तीव्र झाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्यावरून लंडनचे मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी त्याचा अभ्यास करून १९५१ साली आपला अहवाल प्रसिद्ध केला. अन्न, वस्त्र व औषध यांइतकीच जवळच्या माणसाच्या स्थिर सहवासाची मुलाला गरज असते, असा त्याचा निष्कर्ष होता. पुढच्याच वर्षी, १९५२ साली, त्यांचे सहकारी जेम्स रॉबर्टसन यांनी एक साधा चित्रपट तयार केला. त्यात अडीच वर्षांच्या आतील एक मुलगी आठ दिवस रुग्णालयात आहे. त्या काळी आईबापांना मुलाजवळ राहू देत नसत. मुलगी फारशी रडत नाही. परिचारिकांना ती शहाणी वाटते. परंतु तिचा चेहरा दिवसेंदिवस मिटत जातो. मूल प्रथम आक्रोश करते, मग निराश होते आणि शेवटी आतून अलिप्त होते, असा क्रम या अभ्यासकांनी दाखवून दिला. अलिप्ततेची ती अवस्था बाहेरून शांतपणासारखी दिसते, ही बाब आपण विसरू नये. मुलाजवळ आईबापांना मुक्तपणे येऊ द्यावे, अशी शिफारस इंग्लंडमधील सरकारी समितीने १९५९ साली केली, तिच्यामागे या चित्रपटाचाही हात होता.

बोल्बी यांच्या सहकारी मेरी एन्सवर्थ १९५४-५५ च्या सुमारास आफ्रिकेतील युगांडा देशात होत्या. कंपालाजवळच्या खेड्यांतील २६ कुटुंबांच्या घरी वारंवार जाऊन त्यांनी तान्ह्या मुलांचे निरीक्षण केले. ज्यांच्या हाकेला लक्षपूर्वक ओ दिली जात होती, ती मुले आईला चिकटून बसत नसत. उलट तीच अधिक निर्धास्तपणे रांगत दूर जात, अधूनमधून मागे वळून पाहत आणि पुन्हा पुढे जात. जवळ घेतल्याने मूल परावलंबी होते, ही समजूत येथे खोटी ठरली.

तिसरा प्रयोग अमेरिकेतील एडवर्ड ट्रॉनिक यांचा. तो त्यांनी १९७५ साली विद्वानांपुढे मांडला. आई तान्ह्या मुलाशी नेहमीप्रमाणे हसतखेळत बोलते. नंतर काही मिनिटे ती मुलाकडे पाहत राहते, पण चेहरा दगडासारखा ठेवते. मूल हसून, हातवारे करून, आवाज काढून तिला परत बोलावू पाहते. उत्तर मिळत नाही असे दिसताच ते कासावीस होते, तोंड फिरवते, अंग टाकून देते. मग आई पुन्हा पहिल्यासारखी होते आणि मुलाशी जुळवून घेते. येथवरचा भाग पुष्कळांना ठाऊक असतो. परंतु ट्रॉनिक यांचे पुढील निरीक्षण अधिक दिलासा देणारे आहे. चांगल्या आईचे आणि सुदृढ मुलाचेही सूर सर्वकाळ जुळलेले नसतात. एकूण वेळेपैकी सुमारे ३० टक्के वेळच ते नेमके जुळतात. उरलेला वेळ चुकण्यात आणि चुकलेले सावरण्यात जातो. मुलाला बळ मिळते ते या सावरण्यातून.

आणखी एक गोष्ट शरीरशास्त्राची. जन्मावेळी मुलाच्या मेंदूचे वजन प्रौढाच्या मेंदूच्या सुमारे एक-चतुर्थांश असते. सहाव्या वर्षापर्यंत त्याचे आकारमान प्रौढाच्या जवळजवळ ९० टक्के होते. परंतु आवेग आवरणारा, परिणामांचा विचार करणारा जो कपाळामागचा भाग, तो विशीच्या मध्यापर्यंत परिपक्व होत असतो. तीन वर्षांचे मूल जमिनीवर लोळण घेते तेव्हा ते आपला पाणउतारा करीत नसते. आवरण्याची शक्ती त्याच्यात अद्याप आलेली नसते. तेवढ्यापुरती ती मोठ्या माणसाने आपल्या पदरची द्यावी लागते. आपला शांत आवाज, स्थिर हात आणि जवळ बसणे, हेच ते उसने बळ होय. असे हजार वेळा उसने घेता घेता मूल ते स्वतःचे करते.

आपल्या भाषेतील शहाणपण

वरील प्रयोग परदेशात झाले, म्हणून ते आपल्या घरांना परके आहेत असे नाही. मराठी भाषेने हा विषय फार पूर्वी ओळखला आहे. 'रुसणे' या शब्दाकडे पाहावे. रागावणे कोणावरही होते. रुसणे मात्र आपल्या माणसावरच होते. रुसणारा दूर जातो, पण इतकाच दूर, की कोणीतरी येऊन समजूत काढील. जेथे समजूत काढणारे कोणी नसते, तेथे मूल रुसण्याचेच सोडून देते. हिरमुसणे, कावरेबावरे होणे, भेदरणे, गांगरणे, चिडचिडणे, किरकिर करणे, हिरमोड होणे, असे मुलांच्या मनःस्थितीचे बारकावे टिपणारे किती तरी शब्द आपल्या आज्यांच्या तोंडी सहज असत. आज पुष्कळ घरांत हे सर्व 'त्रास देतो' आणि 'ऐकत नाही' या दोन वाक्यांत आटोपले जाते.

बेळगाव, गोवा, इंदूर, ग्वाल्हेर, वडोदरा, हैदराबाद येथील आपल्या कुटुंबांच्या संदर्भात याला आणखी एक अर्थ आहे. घरी मराठी बोलणारे मूल तिसऱ्या-चौथ्या वर्षी बालवाडीत जाते आणि तेथे कानडी, गुजराती, हिंदी, तेलुगू किंवा इंग्रजी ऐकते. काही आठवडे, कधी काही महिने, ते तेथे गप्प राहते. पालक घाबरून घरातही शाळेचीच भाषा बोलू लागतात. ही घाई टाळण्यास सांगावे. घरी मूल नेहमीसारखे बोलत असेल, तर शाळेतील प्रारंभीचे हे मौन म्हणजे नव्या भाषेचा कानोसा घेणे असते. दिवसभर परक्या शब्दांत वावरून आलेल्या मुलाला आपला राग, भीती व थकवा सांगावयास एक तरी ओळखीची भाषा घरात हवी. ती काढून घेणे म्हणजे त्याच्या भावनांचे दार बंद करणे होय.

घरात काय करता येते?

आता आईबापांना सांगण्याजोग्या गोष्टी. यांपैकी एकीलाही पैसा लागत नाही.

पहिली, भावनेला नाव देणे आणि वागण्याला मर्यादा घालणे. दोन्ही एकदम झाली पाहिजेत. भावाने चेंडू घेतला म्हणून मूल त्याला मारते. तेव्हा आईने म्हणावे, "तुझा चेंडू दादाने घेतला, म्हणून तुला राग आला. पण मारायचे नाही. ये, माझ्याजवळ बस." राग येणे मान्य केले, मारणे अमान्य केले आणि जवळ बोलावले. केवळ मर्यादा घातली, तर मूल एकटे पडते. केवळ लाड केले, तर ते भांबावते.

दुसरी, तुटलेले जोडणे. मोठ्यांचा तोल जातोच. तो गेल्यावर पुष्कळ घरांत एक तर काहीच घडले नाही असे दाखवतात, किंवा खाऊ देऊन प्रकरण मिटवतात. याहून सरळ मार्ग आहे. बापाने मुलाजवळ बसून म्हणावे, "मघाशी मी फार जोराने ओरडलो. तू घाबरलास ना? एवढे ओरडायला नको होते. दूध मुद्दाम सांडायचे नाही, हे मात्र खरे." असे केल्याने बापाचा मान कमी होत नाही. चूक कबूल करता येते आणि त्यानंतरही प्रेम शिल्लक राहते, हा धडा मुलाला दुसऱ्या कोणत्याही मार्गाने इतका पक्का शिकवता येत नाही.

तिसरी, दिवसाला एक लय असू देणे. उठणे, न्हाणे, जेवण, खेळ, सांजवेळची प्रार्थना, गोष्ट, झोप, यांचा क्रम साधारण ठरलेला असला, म्हणजे पुढे काय येणार ते मुलाला कळते, आणि जे कळते त्याची भीती वाटत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली पाच वर्षांखालील मुलांसाठी काही प्रमाणे ठरवून दिली आहेत. तीन-चार वर्षांच्या मुलाला २४ तासांत १० ते १३ तास झोप हवी. दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटे हालचाल व खेळ हवा. दोन ते चार वर्षांच्या मुलाला दूरदर्शन, मोबाइल इत्यादींच्या पडद्यासमोर एका तासाहून अधिक बसवू नये, आणि दोन वर्षांच्या आत तर मुळीच बसवू नये. जेवताना मुलाच्या हाती मोबाइल देण्याची रीत आता सर्वत्र पसरली आहे. तिचा एक दोष असा, की घास आणि माणूस यांचा संबंध तुटतो. आईच्या हाती मोबाइल असला, तर तो ट्रॉनिक यांच्या प्रयोगातील दगडी चेहऱ्याच्या जवळपास जातो, हेही सौम्यपणे सांगावे.

चौथी, दररोज थोडा वेळ मुलाच्या मर्जीने खेळणे. दहा-पंधरा मिनिटे पुरतात. त्या वेळात शिकवणे नाही, परीक्षा नाही, 'हा रंग कोणता' असे विचारणे नाही. मूल भातुकली मांडील तर पाहुणा व्हावे. ते गाडी करील तर प्रवासी व्हावे.

पाचवी, खरे बोलणे. आई कामावर निघते तेव्हा मुलाचे लक्ष चुकवून पसार होणे सोयीचे वाटते. पण त्यामुळे मूल पुढे प्रत्येक क्षणी पाळत ठेवू लागते. सांगून जावे, मूल रडले तरी सांगून जावे, आणि सांगितल्या वेळी यावे. घरात मृत्यू झाला असता 'आजोबा झोपले' किंवा 'गावाला गेले' असे सांगू नये. लहान मुले शब्दाचा शब्दशः अर्थ घेतात. मग त्यांना झोपेची किंवा प्रवासाची भीती बसते. आजोबांचे शरीर थांबले, ते आता परत येणार नाहीत, आम्हांलाही त्यांची आठवण येऊन रडू येते, आणि ते परमेश्वराजवळ आहेत असा आपला विश्वास आहे, असे साध्या शब्दांत व याच क्रमाने सांगावे.

भीतीचे शस्त्र

येथे आम्ही अशा मुद्द्याकडे येतो, जेथे आपला थेट संबंध आहे. बागुलबुवा, पोलीस, डॉक्टरची सुई आणि झोळीवाला बाबा, या मालिकेत ख्रिस्ती घरांतून परमेश्वराचेही नाव ओवले जाते. 'देव बघतो आहे', 'देव शिक्षा करील', 'फादर आले, आता तुझे नाव सांगते', ही वाक्ये आपल्यासमोर बोलली जातात आणि आपण हसून सोडून देतो. यापुढे सोडू नयेत.

कारण असे, की चार वर्षांच्या मुलाला परमेश्वराविषयी पहिले जे काही कळते, ते आईबापांच्या चेहऱ्यावरून कळते. घरात चूक झाली असता आधार काढून घेतला जात असेल, तर परमेश्वरही चूक होताच पाठ फिरवणारा आहे, असे मूल गृहीत धरते. मग दहा वर्षांनंतर धर्मशिक्षणाच्या वर्गात आपण त्याला क्षमाशील पित्याविषयी कितीही शिकवले, तरी ते ज्ञान ओठांवर राहते. दूर गेलेल्या मुलाला पाहून पुढे धावत येणाऱ्या बापाचा जो दाखला प्रभूने सांगितला, तो समजण्यासाठी लहानपणी कोणीतरी आपल्याकडे धावत आलेले असावे लागते.

मारण्याविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. नीतिसूत्रांच्या ग्रंथातील छडीच्या उल्लेखाचा हवाला आपल्याला वारंवार दिला जातो. त्या ग्रंथाचा एकूण भर मुलाला ज्ञानाची वाट दाखवण्यावर आहे. हात उगारण्याचा तो परवाना नव्हे. मुलांचे मन खचेल असे वागू नये, ही बापांना दिलेली ताकीद संत पौलाने कलस्सैच्या मंडळीस लिहिलेल्या पत्रात आहे, तिचा हवाला मात्र क्वचितच कोणी देतो. अनुभवाचा पुरावा हवा असेल, तर तोही आहे. मुलांना चापट मारण्याच्या परिणामांविषयी सुमारे पन्नास वर्षांत झालेल्या ७५ अभ्यासांचा एकत्रित विचार दोघा अमेरिकी संशोधकांनी २०१६ साली प्रसिद्ध केला. त्यात १ लाख ६० हजारांवर मुलांची माहिती होती. मारल्याने मूल अधिक आज्ञाधारक होते असे त्यांत दिसून आले नाही; आक्रमकता, मनाच्या तक्रारी आणि आईबापांशी बिघडलेले संबंध यांच्याशी मात्र माराचा संबंध आढळला. आपल्या देशात २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेत मुलाला मारण्यास व त्याचा मानसिक छळ करण्यास मनाई केली आहे. आपल्या संस्थांच्या बालवाड्यांनाही हीच कसोटी लावली पाहिजे.

भीतीवाचून मुले बिघडतील, ही शंका नवी नाही. गिजुभाई बधेका यांनी १९२० साली भावनगरला बालमंदिर सुरू केले, तेव्हाही ती घेतली गेली. ताराबाई मोडक तेथे त्यांच्या सहकारी होत्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. पुढे १९४५ पासून बोर्डी येथे आणि नंतर कोसबाडच्या टेकडीवर ताराबाईंनी अनुताई वाघ यांच्यासह आदिवासी मुलांसाठी हेच काम केले. शिक्षा व बक्षीस या दोन्हींपासून मुलाला मुक्त ठेवण्याचा त्यांचा आग्रह होता. मुले शाळेत येत नाहीत असे दिसले, तेव्हा त्यांनी अंगणवाडीच्या रूपाने शाळाच मुलांच्या अंगणात नेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी ती कुरणात नेली. मूल येत नसेल तर आपण त्याच्याकडे जावे, हे समजूत काढण्याचेच मोठे रूप होय.

आईबापांचे मन

जे आपल्यापाशी नाही, ते दुसऱ्याला देता येत नाही. खचलेल्या आईकडून सदैव हसतमुख राहण्याची अपेक्षा करणे क्रूरपणाचे आहे. बाळंतपणानंतरच्या खिन्नतेविषयी भारतात झालेल्या ३८ अभ्यासांचा आढावा २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात आला. त्यानुसार सुमारे २२ टक्के बाळंतिणींना ही व्यथा होते. म्हणजे पाच आयांत एक. बाप्तिस्म्याच्या तयारीसाठी आलेल्या दांपत्याला आपण प्रार्थना पाठ आहेत का, असे विचारतो. आईला झोप लागते का, तिला मनातून कसे वाटते, घरात तिला मदत करणारे कोण आहे, हेही विचारावे. बाप दारू पीत असेल, घरात मारहाण होत असेल, तर मुलाच्या हट्टावर उपाय सांगत बसण्यात अर्थ नाही. आधी घरातील भय थांबवण्यास साह्य करावे लागते.

त्याचबरोबर एक सावधगिरी हवी. मुलाच्या प्रत्येक दोषाचे खापर आईवर फोडण्यास वरील माहितीचा उपयोग होता कामा नये. बोल्बी यांच्या अहवालाचाही असा दुरुपयोग झाला. १९७२ साली मायकेल रटर यांनी त्या विषयाचा फेरविचार करून दाखवले, की मूल एकाहून अधिक माणसांशी घट्ट नाते जोडू शकते, आणि आई कामावर जाते एवढ्याने मुलाचे नुकसान होत नाही. आजी, आजोबा, बाप, काकू, शेजारची मावशी, यांपैकी कोणीही मुलाचे 'आपले माणूस' होऊ शकते. ते माणूस स्थिर असावे, एवढीच अट. स्वमग्नता ही अवस्था आईच्या कोरडेपणामुळे येते, असे एके काळी म्हटले गेले. ते मत पूर्णपणे चुकीचे ठरले आहे. अशा मुलांच्या आयांनी पिढ्यान्‌पिढ्या हा अन्याय्य दोष वाहिला. आपल्या तोंडून तो पुन्हा निघू नये.

तज्ज्ञाकडे केव्हा पाठवावे?

आपण वैद्य नव्हे. पण वेळेवर पाठवणे हे आपले काम आहे. पहिल्या वाढदिवसाच्या सुमारास नावाने हाक मारली असता मूल वळून पाहत नसेल. दीड वर्षापर्यंत बोट दाखवून काही दाखवत किंवा मागत नसेल. आलेले शब्द किंवा आलेला लळा नाहीसा होत असेल. एखाद्या धक्क्यानंतर आठवडेच्या आठवडे मूल खेळत नसेल, नीट झोपत-जेवत नसेल. ते कोणाकडेच धीरासाठी जात नसेल, किंवा वाटेल त्या परक्याकडे सारख्याच सलगीने जात असेल. अथवा स्वतःला वारंवार इजा करीत असेल, तर थांबू नये. 'मोठे झाले की होईल नीट' आणि 'नवस बोला', हे दोन्ही सल्ले अशा वेळी घातक ठरतात.

२०१३ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली अंगणवाडीत व शाळेत मुलांची तपासणी होते, आणि गरज असल्यास जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे मुलाला पाठवले जाते. गोव्यात बांबोळी, कर्नाटकात धारवाड, वडोदऱ्यात कारेलीबाग आणि हैदराबादेत एर्रागड्डा येथे मानसिक आरोग्याची सरकारी रुग्णालये आहेत. ऑक्टोबर २०२२ पासून 'टेली-मानस' ही विनामूल्य दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर चालते. थकलेल्या आईबापांनाही तिचा उपयोग आहे. मुलावर अत्याचार होत असल्याचा संशय आल्यास १०९८ या क्रमांकावर कळवावे. ही दोन्ही टिपणे धर्मग्रामाच्या सूचनाफलकावर कायम असावीत.

आपले काम

शेवटी आपल्या भेटीविषयी थोडेसे. पाहुण्यासमोर मुलाला उभे करून गाणे म्हणावयास लावतात, आणि ते लाजले तर त्याच्यादेखतच त्याची तुलना भावंडाशी करतात. आपण ती प्रथा तेथेच थांबवू शकतो. खुर्चीवरून उतरून मुलाच्या उंचीवर बसावे. त्याने जवळ यावे असा आग्रह न धरता त्याच्या खेळाकडे पाहावे. आईबापांना दोष न देता, त्यांनी केलेली एखादी चांगली गोष्ट नाव घेऊन सांगावी, कारण त्यांच्याही रुसलेल्या मनाची कोणीतरी समजूत काढावी लागते. धर्मशिक्षकांनी आपल्या वर्गात रडणाऱ्या मुलाला बाहेर काढण्याऐवजी जवळ बसवावे. आणि जे मूल कधीच रडत नाही, कधीच हट्ट करीत नाही, कोपऱ्यात शहाण्यासारखे बसून असते, त्याच्याकडे सर्वांत आधी लक्ष द्यावे. त्याची समजूत काढावयास बहुधा फार दिवसांत कोणी आलेले नसते.